पाच अंशांची सूट

निसार,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. बोलायला उभा राहिलो असतो तर माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांचे खंडन करावे लागले असते, आणि शोकसभेत खंडन करण्याची रीत नाही. म्हणून गप्प बसलो. मी गप्प बसलो याचा लोकांनी भलताच अर्थ लावला. बाहेर पडताना दोघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एकाने मला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. मला पायऱ्या उतरता येतात.

पहिले वक्ते म्हणाले, निसारभाई अत्यंत साधे होते. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. पाण्याच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचे तुझे दुकान हे जुन्नरातले एकमेव न्यायालय आहे, अशा थाटात तू खुर्चीवर बसायचास. 'माझ्या हातची मोटर परत आली तर दुकानाला कुलूप लावीन' असे गिऱ्हाइकाला सांगायचास, आणि मोटर परत आली की ती त्याच्या विहिरीची चूक ठरायची. दुसरे म्हणाले, त्यांनी आयुष्यात कोणाला दुखावले नाही. यावर मी एकटाच पुरेसा साक्षीदार आहे. तिसरे म्हणाले, तुझी-माझी मैत्री म्हणजे सामाजिक ऐक्याचे प्रतीक. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण कसले प्रतीक? चौथीत गुरुजींनी आपल्याला एका बाकावर बसवले, कारण तू तुझ्या शेजाऱ्याशी भांडत होतास आणि मी माझ्या. वर्गातल्या इतर मुलांचे रक्षण व्हावे, एवढाच त्यामागे हेतू होता. ऐक्य वगैरे कोणाच्या मनातही नव्हते. पुढे साठ वर्षे आपण भांडत राहिलो, ते गुरुजींच्या व्यवस्थेचे पालन म्हणून.

एका गोष्टीचा मात्र तिघांपैकी कोणीही उल्लेख केला नाही. ती त्यांना ठाऊक नव्हती. तुझ्या दुकानातल्या मागच्या टेबलावर, भरायला आलेल्या मोटारींच्या गर्दीत, डब्याएवढ्या खोक्यात तू जे बनवत होतास ते.

ते कशासाठी होते हे आधी नमूद करतो. तू डिंभ्याला कोणाच्या तरी शेतातला पंप बघायला गेला होतास आणि येताना तुझी बस चुकली. दुसरी बस येईपर्यंत धरणाच्या फुगवट्याच्या काठाला जाऊन बसलास. तिथे तुला सखाराम दिसला. एकटा माणूस लहान होडीतून जाळे सोडायचा प्रयत्न करत होता. जाळे सोडायला दोन्ही हात लागतात. होडीच्या मागे टांगलेल्या छोट्या इंजिनाची दांडी धरायला तिसरा हात लागतो. दांडी सोडली की वारा होडीचे नाक फिरवायचा, जाळे इंजिनाच्या पंख्याकडे ओढले जायचे, मग जाळे टाकून तो दांडीकडे धावायचा. इतकी वर्षे ती दांडी त्याची बायको हिराबाई धरायची. तिचे गुडघे गेले. होडीत चढणे-उतरणे संपले. जावयाने चाकणच्या बाजूला त्याच्यासाठी रखवालदाराची नोकरी बघून ठेवली होती. दिवाळीपर्यंत एकट्याने जाळे टाकणे जमले तर ठीक, नाही तर होडी विकून दोघांनी डिंभे सोडायचे, असे त्यांचे ठरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या दारात उभा राहिलास. चहा मागण्याच्याही आधी म्हणालास, "वकील, मी होडीला बायको बनवणार हाय."

मी वकील नाही. मी न्यायालयात लिपिक होतो आणि लिपिक म्हणूनच निवृत्त झालो, हे तुला ठाऊक होते. तरीही तू मला आयुष्यभर वकील म्हणालास. मी तुला सांगितले की जलाशयात यंत्राच्या साहाय्याने होडी चालवण्याबाबत परवानगीचा प्रश्न उद्भवेल, आणि मी तसा अर्ज करतो.

"कर," तू म्हणालास. "लई चांगले अर्ज करतोस तू. तवर मी मोटर फिरवतो."

होडीला ठरावीक दिशेने आपोआप नेणारी यंत्रे तयार मिळतात, हे मी शोधून तुझ्या नजरेस आणून दिले. ती मोठ्या बोटींसाठी असतात, समुद्रावरच्या. तुला ते वाक्य पुरते ऐकूनही घ्यायचे नव्हते. "तयार आणून जोडाय मी काय वायरमन हाय व्हय?" सबब सगळे घरी बनवायचे ठरले. भंगारात गेलेल्या ट्रकची वायपरची मोटर आली. सायकलची साखळी आली. दिशा ओळखणारे एक नखाएवढे होकायंत्र टपालाने आले. त्या होकायंत्राचे ऐकून वायपरच्या मोटारीला 'डावीकडे फिर', 'उजवीकडे फिर', 'थांब' असे हुकूम देणारा जो भाग, तो मात्र तू स्वतः रचायला घेतलास. मोबाइलवर चित्रफिती बघून, चष्मा कपाळावर चढवून, त्या शिकवणाऱ्या मुलांना शिव्या देत तू या वयात प्रोग्रॅम लिहायला शिकलास. मला तुझा हेवा वाटला, हे मी त्या वेळी बोललो नाही. माझ्या हाती नवीन असे काही बऱ्याच वर्षांत आलेले नव्हते.

पहिला हुकूमदार टेबलावरच जळला. फट् असा आवाज, काळपट धूर आणि तुझा अवमानित चेहरा. मी कारण विचारले तेव्हा तू मला समजेल अशा भाषेत सांगितलेस. त्यात चार फाटके असतात. समोरासमोरची दोन उघडली की वीज मोटारीतून एकीकडे जाते आणि मोटर डावीकडे फिरते. दुसरी दोन उघडली की उजवीकडे. पण एका बाजूचे बंद व्हायच्या आत दुसरे उघडले, तर बॅटरीचा सगळा जोर मोटारीला वगळून त्या फाटकांतूनच जातो.

"म्हणजे कसं," तू म्हणालास, "दोनी वकील एकदम बोलाय लागले का न्यायाधीश जळतो."

"मग उपाय काय?"

"पैला गप बसला का जरा थांबायचं. मग दुसऱ्यानं तोंड उघडायचं."

"न्यायालयात याला समोरच्याचे म्हणणे ऐकून घेणे म्हणतात."

"तू कवा ऐकलंस रं कोणाचं?"

ते थांबणे तू प्रोग्रॅममध्ये घातलेस. त्यानंतर फाटके जळली नाहीत. आपल्या दोघांत ते कोणी घातले नाही, त्याची गरजही पडली नाही. आपण एकदमच बोलायचो आणि कोणी जळायचे नाही.

मग माझी नेमणूक झाली. टेबलावर मोटर नुसती फिरवून उपयोग नव्हता. पाण्यात दांडीला जोर लागतो, तसा जोर तिथे हवा होता. तू एक लांब लाकडी दांडा साखळीला जोडलास आणि त्याचे दुसरे टोक माझ्या हातात दिलेस.

"तू पाणी हो," तू म्हणालास.

"म्हणजे काय करू?"

"अडव. मोटर वढंल, तू अडव. मधीच सोड. मधीच जोरात हाण. पाणी काय तुझ्यासारखं कलम लावून वागत न्हाई."

कित्येक दुपारी मी तुझ्या दुकानात पाणी झालो. होकायंत्र हातात घेऊन तू इकडे तिकडे वळवायचास, मोटर दांडा ओढायची, मी अडवायचो. गिऱ्हाईक आले तर तू मला तसेच उभे ठेवून त्याच्याशी बोलायचास. एकाने विचारले, "तात्या, काय करताय?" तू माझ्या वतीने उत्तर दिलेस, "त्यास्नी बोलाय लावू नका, ते धरण हाईत." मी कोणाच्या इतका उपयोगी पडल्याला फार काळ लोटला होता. संध्याकाळी घरी गेलो की खांदे दुखायचे. पत्नी सुमन गेल्यापासून घरात शिरताना जे जाणवते, ते त्या दुखण्यामुळे थोडे मागे सरायचे. हे मी तुला कधी सांगितले नाही. सांगितले असते तर तू मुद्दाम मोटारीचा जोर वाढवला असतास.

पाण्यावरच्या पहिल्या चाचणीचे प्रकरण मी तपशिलाने नमूद करतो, कारण त्यातली माझी बाजू तू जिवंतपणी कधीही मान्य केली नाहीस.

चाचणीला होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने तरंगते जाकीट घालावे आणि पेट्रोलचे इंजिन असल्याने आग विझवण्याची सोय असावी, या माझ्या दोन अटी होत्या. दुसऱ्या अटीच्या पूर्ततेसाठी मी स्वखर्चाने लाल रंगाची, वाळूने भरलेली लोखंडी बादली आणली. इंजिनापाशी सखारामला उभे राहायला जागा लागते, म्हणून ती पुढच्या बाजूच्या कडीला टांगली. हिराबाई काठावर काठी टेकून बसली होती. खोके, साखळी, वायपरची मोटर हे सगळे होडीत चढताना बघून ती म्हणाली, "सवत आणली व्हय निसारभाई?"

"आणली," तू म्हणालास, "आन ही भांडत बी न्हाई."

"भांडत न्हाई तर मग त्यास्नी करमंल का?"

होडी निघाली. तू दिशा ठरवून दिलीस आणि सखारामला दांडी सोडायला सांगितलीस. होडी थोडी सरळ गेली, मग डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. मागे पाण्यावर लांबलचक गोमूत्रिका उमटत गेली. टेबलावर तंतोतंत चाललेले यंत्र पाण्यावर झिंगल्यासारखे वागत होते. तू खोके जुन्नरला परत आणलेस, उघडलेस, तारा बदलल्यास, प्रोग्रॅम पुन्हा लिहिलास. पुन्हा डिंभे, पुन्हा तीच गोमूत्रिका. तुझे जेवण कमी झाले. झुबेदाभाभी मला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, पंप भरा, होड्या नको." मी म्हणालो नाही.

तिसऱ्या खेपेला भर पाण्यात आपले भांडण झाले. मी एवढेच म्हणालो होतो की सदर यंत्राची नियमानुसार आधी तपासणी करून घ्यायला हवी होती. तू उठलास. होडी हेलकावली, सखाराम ओरडला, "बसा वो निसारभाई, बुडवताल." तू माझी बादली कडीवरून उचललीस आणि धरणात फेकलीस.

आणि होडी सरळ झाली.

आपण तिघेही दांडीकडे बघत राहिलो. दांडी स्वतःहून किंचित हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. नाक समोरच्या डोंगराकडे स्थिर होते. मग तुझ्या लक्षात आले. होकायंत्र पुढच्या फळीखाली होते आणि लोखंडी बादली त्याच्या डोक्यावर झुलत होती. होडी वळली की बादली झुलायची, बादली झुलली की होकायंत्र फसायचे, होकायंत्र फसले की मोटर होडीला आणखी वळवायची. तू पोट धरून हसलास. सखाराम हसला. काठावरून हिराबाईने विचारले काय झाले, तेव्हा तू ओरडून सांगितलेस, "कायदा पाण्यात टाकला, होडी सुधारली."

बादली आवश्यक होती, असे माझे तेव्हाही म्हणणे होते आणि आजही आहे. लोखंडाऐवजी प्लॅस्टिकची हवी होती, इतकाच काय तो प्रश्न. पुढच्या खेपेला मी प्लॅस्टिकची आणली आणि तू निमूटपणे टांगू दिलीस. ते तुझे निमूट राहणे मला बादली फेकण्यापेक्षा जास्त लागले. त्यात माया होती, आणि आपल्यात ती अशी उघडपणे दाखवायचा प्रघात नव्हता.

आता शेवटच्या भांडणाकडे येतो. त्याचा निकाल लागलेला नाही.

होडी सरळ जाऊ लागली तरी मोटर सारखी कुरकुरत असायची. नाक अर्धा अंश हलले तरी दांडी हलायची. तू ठरवलेस की ठरलेल्या दिशेपासून पाच अंशांपर्यंत होडी सरकली तर मोटारीने काही करायचे नाही. पाचाच्या पुढे गेली तरच बोलायचे. मी म्हणालो, पाच फार होतात, दोन ठेव.

"दोन ठेवले तर ती झोपायचीच न्हाई," तू म्हणालास. "लाट येती, जाती. वारा येतो, जातो. होडी आपलीआपण परत येती. हरेक लाटंला उत्तर देत बसलं का बॅटरी संपली, मोटर जळली."

"आज पाच अंश सोडलेस की उद्या दहा सोडावे लागतात. चूक लहान असतानाच दुरुस्त करायची असते."

"राव, ही होडी हाय, तालुका न्हाई."

"तत्त्व तेच."

तेव्हा तू हातातला सोल्डरिंगचा दांडा खाली ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "तुझ्या पत्रांसारखं हाय हे. रस्त्याला खड्डा पडला, पत्र. दिवा गेला, पत्र. बस उशिरा आली, पत्र. पानपानभर राग. कोण वाचतंय ते, वकील?"

मी छत्री घेतली आणि निघालो. तू मागून म्हणालास, "चा घेऊन जा." मी घेतला नाही. नंतरच्या दोन दिवसांत मी मनात तुझ्यासाठी मुद्देसूद उत्तर तयार केले होते. ते द्यायला मी येणारच होतो. तिसऱ्या दिवशी जेवून तू दुकानात आलास, पंखा लावलास, खुर्चीत टेकलास. शेजारच्या दुकानदाराला वाटले, तू डुलकी घेतो आहेस. निसार, ज्याच्या विरुद्ध दावा चालू आहे त्याने असे निघून जाणे कोणत्याही प्रक्रियेत बसत नाही. मी तुझ्यावर अत्यंत संतापलेलो आहे. दफनाच्या वेळी सगळे माती देत होते, मीही दिली, आणि त्या मुठीतही राग होता. तो तुझ्यापर्यंत पोहोचला असेल अशी आशा आहे.

उत्तर असे होते.

तू विचारलेस, कोण वाचतंय. कोणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कार्यालयाला पत्र पाठवले की त्याला उत्तर द्यावे लागते. न दिल्यास मी अपील करतो. अपिलाच्या सुनावणीला मला बोलावले जाते. शिपाई बाहेर येऊन माझे संपूर्ण नाव पुकारतो. मी आत जातो. समोरचा अधिकारी कितीही तरुण असो, तो म्हणतो, बसा. आणि विचारतो, तुमचे म्हणणे काय आहे. सुमन गेल्यावर हा प्रश्न मला घरात कोणी विचारलेला नाही. मुलगा फोन करतो, तब्येत विचारतो, ते निराळे. माझे म्हणणे काय आहे, हे मला विचारणारी दोनच ठिकाणे या जगात उरली होती: एक सरकारी कार्यालय आणि दुसरे तुझे दुकान. पैकी तुझ्या दुकानात मला अर्ज करावा लागत नसे.

खड्ड्याचा मला राग येतो, हे खरे आहे. तो तसाच राहील. पण हे जे वर लिहिले, ते सांगायला मी येणार होतो, आणि सांगितल्यावर तू काय म्हणाला असतास हे मला साठ वर्षांच्या अनुभवावरूनही ठरवता येत नाही. कदाचित म्हणाला असतास, "मग पैलं सांगायचं, मी दुकानात शिपाई ठेवला असता." कदाचित काहीच नाही. हेच मला कळायचे राहिले.

तुला जाऊन काही दिवस झाल्यावर झुबेदाभाभींनी निरोप पाठवला. मी गेलो. त्या दुकानाच्या दारात उभ्या होत्या, आत गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ते होडीचं तेवढं घेऊन जावा तात्या. हितं राहिलं तर कोण तरी भंगारात घालंल. त्यांचा जीव होता त्यात." मग म्हणाल्या, "तुम्ही भांडून गेला होता ना त्या दिवशी? जेवताना सांगत होते. खूश होते." मी विचारले, खूश कशाने? "ते काय ठाऊक नाही. भांडण झालं की दोन घास जास्त जायचे त्यांना."

मोटर, साखळी आणि होकायंत्रासकट खोके मी घरी आणले. ते तू बंद केलेले होते, झाकणाला स्क्रू बसवलेले होते. सूट किती अंशांची ठेवायची हे ठरवणारी छोटी खिट्टी बाजूला होती, आणि तिच्यावर तू लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ती पक्की केली होतीस. म्हणजे मी निघून गेल्यावर तू ते काम पुरे केलेस. मी बॅटरी जोडली, टेबलावर कंपासपेटीतला कोनमापक ठेवला आणि होकायंत्र हळूहळू वळवू लागलो. खरे सांगतो, मला वाटत होते की माझ्या शब्दाला मान देऊन तू थोडे तरी कमी केले असशील. तीन, निदान चार. दोनला मोटर गप्प. तीनला गप्प. चारला गप्प. पाच ओलांडले आणि ती हलली. तू एक अंशही माघार घेतली नव्हतीस. मी त्या टेबलापाशी एकटाच हसलो. तुझ्या मृत्यूनंतर तुझ्याविषयी मला कळलेली ती पहिली खरी गोष्ट होती.

ठिपका फोडून खिट्टी दोनवर आणणे माझ्या हाती होते. हरकत घेणारे कोणी नव्हते. म्हणूनच आणली नाही. एकतर्फी निकाल मी आयुष्यात कधी मान्य केलेला नाही.

काल डिंभ्याला गेलो. खोके आणि बाकीचे सामान पिशवीत, पिशवी मांडीवर. सखारामने जोडणी केली; साखळी कुठे बसते हे त्याला माझ्यापेक्षा चांगले आठवत होते. प्रथम आम्ही दोघे गेलो. होडी सरळ गेली आणि सरळ आली. काठाला लागल्यावर तो म्हणाला, "तात्या, आता तुमी उतरा."

मी म्हणालो, चाचणीच्या काळात होडीत दोन माणसे असणे आवश्यक आहे.

"तुमी बसल्यावं मग एकट्याचं कसं कळायचं?"

हा युक्तिवाद ग्राह्य होता. मी त्याचे जाकीट नीट बांधले आहे की नाही ते पाहिले, दोनदा पाहिले, आणि उतरलो.

तो पाणी कापत निघाला. मध्यापाशी पोहोचल्यावर त्याने दांडी सोडली आणि दोन्ही हातांनी जाळे सोडू लागला. जाळ्याला बांधलेले थर्मोकोलचे पांढरे तुकडे एकामागून एक पाण्यावर येऊ लागले. डोंगराकडून वारा सुटला. होडीचे नाक किंचित कलले. माझा हात माझ्या नकळत पुढे झाला. दांडी हलली नाही. नाक आपले आपण परत आले. पुन्हा वारा आला, जोराचा, नाक जास्त कलले, आणि मग दांडी हलली, जेवढी हवी तेवढीच. दांडीपाशी कोणी नव्हते. पांढऱ्या तुकड्यांची रांग ताणलेल्या दोरीसारखी लांबत गेली. आता त्या दोघांना डिंभे सोडावे लागणार नाही, हे मला तेव्हा समजले. माझ्या शेजारी काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेल्या हिराबाईला ते माझ्या आधी समजले असावे. ती डोळे न हलवता बघत होती.

"एकदाबी मागं बघितलं न्हाई त्यानं," ती म्हणाली.

"दोन्ही हात जाळ्यात आहेत त्याचे," मी म्हणालो.

"हात न्हाई वो. मान म्हणतीया मी."

मी त्याच्या मानेकडे पाहिले.

"मी व्हते तवा सारखा वरडायचा. डावीकडं घे, उजवीकडं घे, झोपली का काय. आता कसा गप हाय बघा. चांगलं झालं म्हना," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसले. "लई चांगलं झालं."

मग तिने काठी बाजूला ठेवली, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि सगळ्या ताकदीने पाण्यावर हाक मारली, "वो, डावीकडं घ्या की!"

होडी अगदी सरळ होती. डावीकडे घेण्याचे काहीही कारण नव्हते. क्षणभर काही आले नाही, आणि मग लांबून, पाण्यावरून, वैतागलेला आवाज आला, "तू गप बस गं!"

हिराबाईचा चेहरा उजळला. ती पाय पसरून आरामात बसली.

मी थोडा पुढे गेलो, पाण्याच्या कडेपर्यंत. तिथून होडी एवढीशी दिसत होती. घसा साफ केला आणि हिराबाईला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात म्हणालो, "पाच जास्त होतात, निसार."

आणि तू बोलशील तितका वेळ थांबलो.